चार पिवळी, एक हिरवं

आन्सेल्मचं झुडूप हिरवंगार होतं, आणि खरी पंचाईत तिथंच होती.

जुलैचा पहिला रविवार. गेशेबाईंच्या घरची साडेतीनची कॉफी, म्हणजे तीन एकोणतिसला आलात तर उतावळे आणि तीन एकतिसला आलात तर बेपर्वा. आणि त्यांचा जावई, आपला आन्सेल्म, तीनपासूनच परसात उभा! ओळीत पाच ब्लूबेरीची झुडपं. पहिली चार पिवळी, पार कावीळ झाल्यासारखी, शिरा तेवढ्या हिरव्या, फळं वाटाण्याएवढी आणि तीही रुसलेली. आणि पाचवं, टोकाचं, आन्सेल्मचं? पानं तुकतुकीत, फांद्या ओझ्यानं वाकलेल्या, एकेक ब्लूबेरी गोटीएवढी, अंगावरची पांढरट पावडरसुद्धा अजून तशीच्या तशी. शेजारपाजारचे लोक कुंपणावरून वाकून बघून जायचे. आन्सेल्मला ते झुडूप उपटून खड्ड्यात घालावंसं वाटत होतं.

आता या घरचा नियम, गेशेबाईंच्या सासऱ्यांनी, डिड्रिक आजोबांनी, घालून दिलेला. लग्न करून या घरात आलात की एक झुडूप लावायचं. पहिले दोन वसंत त्याची सगळी फुलं आपल्या हातानं खुडून टाकायची, म्हणजे झुडूप आधी मुळं धरतं. तिसऱ्या उन्हाळ्यात फळ धरू द्यायचं. त्या फळांची पहिली वाटी कॉफीच्या टेबलावर आली की स्वयंपाकघरातल्या खुंटीवर तुमचा निळ्या काठाचा कप लागतो. तोपर्यंत पाहुण्यांचा पांढरा कप. बस. गेशेबाईंचा मुलगा हिनर्क, त्याची बायको स्वेन्या त्याला सोडून हांबुर्गला गेली, चार वर्षं झाली, पण तिचा निळा कप अजून खुंटीवर आहे, कारण तिच्या झुडपानं फळ दिलं होतं. एकदा लागलेला कप या घरात कुणी उतरवत नाही.

आन्सेल्म तीन वर्षं पांढऱ्या कपातून पीत होता. आणि कपाचं एक वेळ सोडा हो, त्या कपाबरोबर जी अदब यायची ना, तिनं त्याचा जीव गेला होता! गेशेबाई पोटच्या पोरांना दिवसभर झोडपायच्या. "हिनर्क, बूट काढ, मेंढरू कुठलं!" "विबके, हे काय कापलंस, हा केक आहे की दगडाची खाण?" आणि आन्सेल्मकडे वळल्या की आवाजात साखर. "आन्सेल्मराव, बसा. आन्सेल्मराव, तुम्ही नका उठू." एकदा त्यानं त्यांची लग्नातली सुरई फोडली, तर म्हणाल्या, "असू द्या हो, जुनीच होती." तो रात्रभर जागा. पाहुण्याला बोलायचं नाही, हाही डिड्रिक आजोबांचाच नियम.

"काय जावईबापू!" मागून हिनर्कची थाप पाठीवर बसली. "बघताय काय? मंत्र बिंत्र घालताय का?"

"नाही रे. असाच."

"असाच म्हणे. आमची चार मेली आणि याचं एकटं बाळसं धरून बसलंय. सांग ना खरं, काय घालतोस?"

"काही नाही," आन्सेल्म म्हणाला, आणि हे अक्षरशः खरं होतं.

"आज लपायचं नाही काही." हिनर्कनं खिशातून एक लांब सुई असलेलं यंत्र काढलं, वर घड्याळासारखी तबकडी. "मातीचा आंबटपणा मोजतं. केक झाला की सगळ्यांसमोर पाची झुडपांत खुपसणार. साडेचारला काटा थांबला तर ठीक. सहाच्या वर गेला तर आंबटपणा मेला, म्हणजे कुणीतरी नळाचं चुनखडीचं पाणी पाजलंय. आणि ते कुणी पाजलं ते सगळ्यांना माहीत आहे."

"कुणी?" आन्सेल्मनं विचारलं.

"आत्यानं! आई तीन आठवडे समुद्रावर हवापालटाला गेली तेव्हा पाणी घालायचं काम कुणाकडे होतं? मीनेआत्याकडे. पिंपातलं पावसाचं पाणी वाहून न्यायचा कंटाळा केला असणार, सरळ नळाला पाइप जोडला असणार. आई तेच म्हणते. आज पुरावा."

आणि गेला की आत शीळ घालत.

आता ऐका काय झालं होतं ते. ईस्टरच्या शनिवारी गावाबाहेर होळी पेटते. अख्ख्या गावानं हिवाळाभर छाटलेल्या फांद्या, घराएवढा ढीग, भोवती बिअर आणि सॉसेज आणि धूर. सोमवारी गेशेबाई सकाळच्या गाडीनं समुद्रावर गेल्या. मंगळवारी पहाटे आन्सेल्मला जाग आली आणि त्याच्या मनात आलं, सासूबाई परत येतील तेव्हा त्यांना काहीतरी छान दिसायला हवं. आन्सेल्म मूळचा दक्षिणेचा, स्वेबियाच्या पठारावरचा. तिथं पायाखाली सगळा चुनखडीचा डोंगर. त्याची आई गुलाबाला राख घालते, आलुबुखाऱ्याला राख घालते, द्राक्षाच्या वेलाला राख घालते. तिच्या लेखी राख म्हणजे बागेतलं साजूक तूप. मग काय, आन्सेल्मनं होळीच्या जागेवरून दोन बादल्या भरून राख आणली. झुडपांच्या बुंध्याशी पसरलेला पाइनच्या सालीचा थर हातानं अलगद बाजूला केला, प्रत्येकाला अर्धी बादली राख घातली, थर पुन्हा जसाच्या तसा लावला, वर हातानं थोपटला. व्यवस्थित माणूस हो, फार व्यवस्थित. आणि वाढायला सुरुवात मोठ्यांपासून करावी, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. आधी डिड्रिक आजोबांचं झुडूप. मग गेशेबाईंचं. मग मीनेआत्याच्या यजमानांचं, ओट्टोकाकांचं. मग स्वेन्याचं, ती गेली असली तरी. आणि स्वतःच्या झुडपाशी आला तेव्हा राख संपली.

मेच्या शेवटी पानं पिवळी पडायला लागली, तशी गेशेबाईंनी मीनेआत्याला एका वाक्यात उभं चिरलं आणि दोघींचं बोलणं बंद. आन्सेल्म घाबरून रोपवाटिकेत गेला. तिथल्या म्हाताऱ्याला म्हणाला, माझ्या एका मित्राच्या ब्लूबेरीला असं असं झालंय.

"मित्रानं राख तर नाही ना घातली?"

"घातली असेल थोडी."

"ब्लूबेरीला आंबट माती लागते. राख म्हणजे तिला विष. किती थोडी?"

"अर्धी बादली. प्रत्येकी."

म्हाताऱ्यानं हातातली कुंडी खाली ठेवली. "तुमच्या मित्राला सांगा," तो म्हणाला, "दुसरा देश बघ म्हणावं."

तेव्हापासून पाच आठवडे आन्सेल्म येताजाता ऑफिसच्या बॅगेतून जंगलातल्या पाइनच्या सुया आणत होता आणि चोरासारखा बुंध्याशी टाकत होता. आता तेवढ्या राखेपुढे मूठभर सुया काय करणार? बॅगेतून मात्र मुंग्या निघायला लागल्या.

स्वयंपाकघरात विबके, त्याची बायको, साय फेटत होती. खुंट्यांवर निळ्या काठाचे कप ओळीनं, शेवटची खुंटी रिकामी. टेबलावर पांढऱ्या वाटीत आन्सेल्मच्या झुडपाची पहिली फळं, धुतलेलीसुद्धा नाहीत, पावडर जाईल म्हणून.

"आईनं काल ती खुंटी पुसली," विबके म्हणाली. "मी बघितलं. आज देणार ती तुला कप."

"विबके, मी राख घातली."

"कशात?"

"झुडपांत. चार झुडपांत. होळीची."

फेटणं थांबलं. बाहेर मधमाश्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

"आन्सेल्म." ती फार हळू बोलत होती. "या गावात शेंबड्या पोरालाही कळतं..."

"आमच्याकडे घालतात!"

"तुमच्याकडे घालतात! तुमच्याकडे डोंगर पांढरे आहेत रे बाबा! इथं माळ आहे, इथं सगळं आंबट आहे, माती आंबट, हवा आंबट, माणसं आंबट!" आणि मग तिला हसू यायला लागलं, ते तिनं एप्रनमध्ये दाबलं, मग रडू आल्यासारखं झालं, मग पुन्हा हसू. "आजोबांच्या झुडपाला पण?"

"पहिलं त्यांनाच. मोठे ना ते."

"अरे देवा."

"मी आज सांगतो."

"खबरदार!" साय फेटायचं यंत्र तिनं त्याच्या नाकासमोर धरलं. "आधी कप. कप एकदा खुंटीवर गेला की खाली येत नाही. स्वेन्याचाही नाही आला. मग पुढच्या आठवड्यात सांग, नाताळला सांग, आई नव्वदची झाल्यावर सांग."

"आणि आत्या?"

विबकेनं यंत्र पुन्हा सायीत घातलं. "आत्या चिवट आहे," ती म्हणाली. "तासाभराचा प्रश्न आहे. तोंड उघडलंस तर मी माहेरी निघून जाईन."

"आपण तुझ्या माहेरीच आहोत."

"मग तुझ्या!"

साडेतीन. दारावर मीनेआत्या, अंगात तिचा तो करडा रविवारचा कोट, बाहेर अठ्ठावीस अंश असताना. कमरेला पट्ट्यानं बांधलेला पत्र्याचा जुना डबा. हा डबा तिच्या वडिलांचा, डिड्रिक आजोबांचा, ब्लूबेरी तोडताना कमरेला बांधायचा म्हणजे दोन्ही हात मोकळे. सत्तर वर्षांची मीनेआत्या पहिल्या तोडणीला तोच डबा बांधून येते. बोलणं बंद असलं म्हणून तोडणी चुकवायची नाही.

"मॉइन," ती म्हणाली, म्हणजे इकडचा नमस्कार, सगळ्यांना आणि कुणालाच नाही.

"मॉइन," सगळे म्हणाले. गेशेबाईंनी केकला म्हटलं.

परसात मांडलेल्या टेबलाशी बसले. एका टोकाला नणंद, दुसऱ्या टोकाला भावजय, मध्ये हिनर्क आणि विबके आणि आन्सेल्म.

"हिनर्क," मीनेआत्या म्हणाली, "तुझ्या आईला विचार, साय इकडे येणार आहे का."

"आई, आत्या विचारतेय..."

"बहिरी नाहीये मी. तिला सांग, येईल. झुडपांना पाणी येतं त्याच्यापेक्षा लवकर येईल."

"तुझ्या आईला सांग, एकवीस दिवस मी पिंपातून पाणी वाहिलं. दोन झाऱ्या सकाळी, दोन संध्याकाळी. माझ्या गुडघ्यांना विचार म्हणावं."

"गुडघे साक्ष देत नाहीत, सांग तिला. पानं देतात."

"मी काय पोस्टमन आहे का?" हिनर्क तोंडभर केक घेऊन म्हणाला.

"तू गप्प बस आणि तोंड मिटून खा, मेंढरा!" दोन्ही टोकांकडून एकदम आलं. पाच आठवड्यांत दोघींचं एवढंच एकमत.

आन्सेल्मपुढे पांढरा कप. गेशेबाईंनी तो स्वतः भरला. "आन्सेल्मराव, दूध घ्या. उन्हात उभे होतात मघापासून, दमलात." मग त्यांनी घसा खाकरला आणि फळांची वाटी टेबलाच्या मधोमध सरकवली, आणि आन्सेल्मला कळलं, आता!

"डिड्रिकमामंजी असते तर," गेशेबाई म्हणाल्या, "त्यांना अभिमान वाटला असता. परमुलखातला माणूस. आल्या आल्या कुदळ कुठल्या हातात धरायची ते कळत नव्हतं. आणि आज या अख्ख्या ओळीत एकच झुडूप जिवंत आहे, ते त्यांचं. मी ठरवलंय. कप तर आहेच. पण येत्या हिवाळ्यापासून छाटणीची कात्रीही आन्सेल्मरावांकडे. सगळ्या ओळीची."

हिनर्कचा घास अडकला. "कात्री? आई, कात्री माझी आहे!"

"तुझी होती. तुझ्या हातून स्वेन्याचं झुडूपही गेलं."

"स्वेन्या गेली त्यात माझा दोष होता, झुडूप गेलं त्यात नव्हता!" हिनर्क उठलाच. "थांबा, आधी पुरावा. मग कात्री." आणि ते यंत्र घेऊन तरातरा झुडपांकडे. मागोमाग सगळे, मीनेआत्यासुद्धा, कोटाची बटणं लावलेली, डबा कमरेला खुळखुळत. विबकेनं आन्सेल्मच्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचा डाग बुधवारपर्यंत राहिला.

हिनर्कनं सुई आजोबांच्या झुडपाशी खुपसली. काटा हलला, हलला, चढतच गेला. "सव्वासात!" गेशेबाईंच्या झुडपाशी, सात. ओट्टोकाकांच्या, सात. स्वेन्याच्या, सातच्या जरासं खाली. आणि आन्सेल्मच्या? काटा साडेचारवर येऊन असा स्वस्थ बसला जसा रविवारी माणूस आरामखुर्चीत बसतो.

"बघा!" हिनर्क म्हणाला. "साडेचार! जावईबापू, पाया पडतो तुझ्या, काय केलंस सांग!"

"बाकीच्यांना काय केलं ते आधी बघू," गेशेबाई म्हणाल्या. त्या पहिल्यांदा सरळ नणंदेकडे वळल्या. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं. "वन्सं. सात. नळाच्या पाण्याशिवाय माती सातवर जात नाही. तुमच्या वडिलांनी तुमच्या जन्माच्या आधी लावलेलं झुडूप होतं ते. कंटाळा आला होता तर मला एक फोन करायचा. मी आले असते परत."

"मी नळ उघडला नाही, वहिनी."

"मग पानं खोटं बोलतात."

"आणि जावयाचं एवढं तुम्ही बरोबर ओळखून सोडलंत, आत्या?" हिनर्कनं आपला एक हातभार लावला. "की तिथपर्यंत पाइप पोचला नाही?"

मीनेआत्याचा चेहरा नेहमीसारखाच, लाकडातून कोरलेला. फक्त तिनं मान खाली घातली आणि कमरेचा पट्टा सोडायला लागली. बक्कल निघेना. शेवटी निघालं. तिनं तो पत्र्याचा डबा गेशेबाईंच्या पुढ्यात, गवतावर, हळूच ठेवला.

"ज्याच्या हातून बाबांचं झुडूप मेलं," ती म्हणाली, "त्यानं बाबांचा डबा बांधू नये. बरोबर आहे तुमचं. मला वाटतं मी झाऱ्याच भरत होते. पण वय झालं माझं. कदाचित नळाखाली भरल्या असतील. आता आठवत नाही मला."

आणि ती फाटकाकडे चालायला लागली. आणि बघा, हे कुणालाच सहन होण्यासारखं नव्हतं, म्हणजे ती भांडली असती, शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. पण आपण न केलेली चूक ती स्वतःच्या डोक्यात बसवून निघाली होती! सत्तर वर्षांची बाई, जिला गावातल्या प्रत्येक बर्फवृष्टीची तारीख पाठ!

"आत्या, थांबा!" आन्सेल्म ओरडला.

"आन्सेल्म," विबके दातांतल्या दातांत म्हणाली.

"आत्या, तुमचं पाणी बरोबर होतं. सगळ्या झाऱ्या बरोबर होत्या. मी राख घातली."

मीनेआत्या थांबली. वळली नाही.

"होळीची राख. ईस्टरनंतरच्या मंगळवारी, पहाटे. आमच्याकडे घालतात. मला वाटलं सासूबाईंना आवडेल. माझ्यापर्यंत पोचायच्या आधी बादली संपली, म्हणून माझं झुडूप हिरवं आहे. मला बागकाम येत नाही. मला काहीही येत नाही. कात्री हिनर्कला द्या."

या माळावरच्या माणसांची शांतता तुम्हाला ठाऊक आहे, तिच्यात दोन ऋतू बदलून जातात. एक ब्लॅकबर्ड आला, आन्सेल्मच्या झुडपावर बसला, एक टपोरं फळ चोचीत धरून उडून गेला. कुणी हुसकावलंही नाही.

गेशेबाईंनी वाकून आजोबांच्या झुडपाखालची साल बाजूला सारली. खाली करडी राख, दाबून बसलेली, गुळगुळीत. मध्ये एक जळून काळं पडलेलं फाटकाचं बिजागर.

"किती?" त्यांनी विचारलं.

"अर्धी बादली."

"सगळ्यांना मिळून?"

"प्रत्येकी."

"आणि साल पुन्हा अशी नीट लावली."

"थोपटलीसुद्धा."

हिनर्कच्या तोंडातून एक आवाज निघाला, बहुधा हसू, पण आईच्या नजरेनं तो परत घशात गेला. विबके डोळे मिटून उभी. आन्सेल्मला वाटलं, आता त्या म्हणतील, असू द्या हो आन्सेल्मराव, जुनीच होती. मग गाडी काढायची, बायकोला घ्यायचं आणि पुन्हा या दारात पाऊल टाकायचं नाही.

मीनेआत्या फाटकापासून परत आली. एकेक पाऊल मोजत. आन्सेल्मच्या समोर उभी राहिली, त्याला नखशिखांत बघितलं. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मग भावजयीकडे वळली.

"वहिनी."

"काय वन्सं."

"मला या माणसाला बोलायचंय. चांगला तासभर."

"मलाही."

"पण बाबांचा नियम आहे. पाहुण्याला बोलायचं नाही."

"आहे खरा."

"आणि टेबलावर त्याच्यापुढे पांढरा कप आहे."

गेशेबाईंनी विचार केला. मीनेआत्यानं कोटाचं वरचं बटण काढलं. मग दुसरं. जणू मोठं काम हाती घ्यायचंय.

"फळांची वाटी तर आलीच आहे टेबलावर," गेशेबाई म्हणाल्या.

"मी चाखली नाही अजून."

दोघी टेबलाशी गेल्या, बाकीचे मागून मेंढरांसारखे. मीनेआत्यानं वाटीतलं एक फळ उचललं, तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं.

"गोड आहे," ती म्हणाली, फार नाइलाजानं. "मेल्याचं गोड आहे."

गेशेबाई आत गेल्या. कपाटाचं दार वाजलं, मग कागदाची चुरचुर. बाहेर आल्या तेव्हा हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. कागद पार पिवळा पडलेला. टेबलावर ठेवून त्यांनी तो उलगडला आणि विबकेची नजर कागदाच्या कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. ती तिच्या लग्नाच्या आठवड्यातली होती.

निळ्या काठाचा कप. कोरा.

गेशेबाईंनी आन्सेल्मपुढचा पांढरा कप उचलून बाजूला ठेवला, निळा ठेवला, किटलीतून काठोकाठ कॉफी ओतली. हात स्थिर. एक थेंब बशीत सांडला नाही. मग किटली खाली ठेवली, पदराला, म्हणजे एप्रनला, हात पुसले, आणि दोन्ही मुठी कमरेवर घेतल्या.

"आता," त्या म्हणाल्या. "बस खाली. गाढवा!"

आन्सेल्म बसला.

"बैला!" मीनेआत्या दुसऱ्या बाजूनं. "राख! ब्लूबेरीला राख! मी पाच आठवडे रात्री उठून नळ बंद आहे का बघत होते, तुझ्यापायी!"

"तोंड नव्हतं तुला? विचारायचं नाही कुणाला? माझ्याशी नाही, वन्संशी नाही, निदान या मेंढराशी तरी बोलायचं!"

"मी मेंढरू नाहीये," हिनर्क म्हणाला.

"तू गप्प बस! आत्याला पाइपवरून बोललास ना, आता माफी माग!"

"उद्या सकाळी ये," मीनेआत्या आन्सेल्मला म्हणाली, "फावडं घेऊन. ती राख खरवडून काढायची, चमच्यानं, मुळांना धक्का न लावता. मग गंधकाची पूड. मग पाइनच्या सुया, पोत्यांनी, बॅगेतून नाही. हो, बघितलंय मी तुला बॅग घेऊन! मला वाटलं तू जेवणाचा डबा विसरून परत येतोस!"

"आणि पुढचे दोन वसंत," गेशेबाई म्हणाल्या, "चारी झुडपांची सगळी फुलं तू खुडायची. एकेक. जगली पाहिजेत. आजोबांचं तर जगलंच पाहिजे. आणि नाही जगलं तर..."

"तर वहिनी, ओट्टोच्या झुडपाची कलमं आहेत माझ्याकडे."

"कलमांचं नंतर बघू, वन्सं, आधी याला पुरा करू."

"करू ना. कुठे होतो आपण?"

"बैलापाशी."

"हां. बैला!"

विबकेनं खाली वाकून गवतावरचा पत्र्याचा डबा उचलला, आत्याच्या मागे गेली, आणि आत्या हातवारे करत बोलतच होती तेवढ्यात तिच्या कमरेला पट्टा बांधून टाकला. आत्यानं बघितलंसुद्धा नाही, फक्त हात जरा वर उचलले.

आन्सेल्म दोन्ही हातांनी कप धरून बसला होता, मान खाली, कान लाल, आणि हिनर्कला शपथेवर सांगायला लावलं तरी तो सांगेल की जावईबापू हसत होता.

"दात काय काढतोयस?" गेशेबाई कडाडल्या. "माझी सुरई पण तूच फोडलीस! तेव्हापासून मनात ठेवलंय मी! लग्नातली होती ती, जुनी बिनी काही नव्हती! आणि कॉफी पी आधी, गार होतेय!"